एका दिवसाच्या घामाचा टँकर

पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात तालुकावार पावसाचे आकडे छापून येतात. त्यात कुठेतरी लिहिलेलं असतं, १ मिलिमीटर. एवढ्या पावसात अंगणही धड भिजत नाही. पण कागद-पेन्सिल घ्या आणि हाच आकडा एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर रानावर पसरा. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड पाणी. करा गुणाकार. दहा हजार लिटर! एप्रिल-मे महिन्यात गावाच्या चौकात येऊन थांबतो आणि ज्याच्याभोवती हंडे-कळश्यांची झुंबड उडते, तो टँकर साधारण एवढ्याच पाण्याचा असतो. म्हणजे दर मिलिमीटरला, दर हेक्टरी, आभाळातून एक अख्खा टँकर रिकामा होतो. ना डिझेल, ना बिल, ना तहसील कार्यालयाकडे अर्ज!

हा एकच हिशेब लक्षात ठेवा. आपल्याला तो फार लांब घेऊन जाणार आहे.

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ आहे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. हेक्टरात मोजलं तर ३ कोटी ७ लाख. आता समजा, या सगळ्या भूमीवर, वेंगुर्ल्यापासून गोंदियापर्यंत, एकदाच आणि फक्त एक मिलिमीटर पाऊस पडला. ३ कोटी ७ लाख टँकर! धरणांच्या भाषेत बोलायचं तर साधारण पावणेअकरा टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पानशेत धरणाचा उपयुक्त साठा साडेदहा टीएमसीच्या थोडा वर आहे. ज्या पावसात छत्री उघडायचाही आपण कंटाळा करतो, तो राज्यभर पडला तर पानशेत काठोकाठ भरून वर सांडतं.

आणि राज्यात वर्षाला सरासरी पाऊस पडतो किती? ११५० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पानशेत हजाराहून अधिक वेळा भरा. साडेबारा हजार टीएमसी! कोयना धरण १०५ टीएमसीचं, तर अशा ११८ कोयना काठोकाठ भरतील. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी. वाटून टाका. माणशी ३१ लाख लिटर, म्हणजे तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला ३१० टँकर.

यातला मोठा वाटा कोकणात आणि घाटमाथ्यावर कोसळतो, हे खरं. म्हणून तो भाग बाजूला ठेवू आणि थेट दुष्काळाच्या दारात जाऊ. एप्रिल २०१६, लातूर.

त्या वर्षी लातूर शहराला रेल्वेनं पाणी पाजावं लागलं. मिरजेहून निघालेली जलदूत एक्सप्रेस १२ एप्रिलला लातूरला पोचली आणि साऱ्या देशानं ते दृश्य पाहिलं. पहिल्या नऊ फेऱ्या दहा-दहा वाघिणींच्या, प्रत्येकी ५ लाख लिटरच्या. पुढच्या १०२ फेऱ्या पन्नास-पन्नास वाघिणींच्या, प्रत्येकी २५ लाख लिटरच्या. एकूण १११ फेऱ्या आणि २५ कोटी ९५ लाख लिटर पाणी. मिरज ते लातूर अंतर सुमारे ३४० किलोमीटर. जाऊन-येऊन सगळ्या फेऱ्यांचा प्रवास ७५ हजार किलोमीटरच्या पुढे गेला. पृथ्वीला दोन प्रदक्षिणा व्हायला थोडंच कमी!

आता श्वास रोखून पुढचा हिशेब बघा. लातूर भागात बऱ्या वर्षी किती पाऊस पडतो? हात आखडता घेऊन ७०० मिलिमीटर धरू. म्हणजे हेक्टरी ७०० टँकर, ७० लाख लिटर. मग पृथ्वीला जवळजवळ दोन प्रदक्षिणा घालून रेल्वेनं आणलेलं ते २५ कोटी ९५ लाख लिटर पाणी किती रानावर आपोआप पडतं? ३७ हेक्टरांवर. ९२ एकरांवर! दोन-चार मोठ्या शेतकऱ्यांची जमीन एकत्र केली की संपलं. त्यांच्या डोक्यावरून हे पाणी एका पावसाळ्यात येतं आणि ओढ्यानं निघून जातं.

जातं ते जातं, पण एकटं जात नाही. माती घेऊन जातं.

आपल्या देशात वर्षाला किती माती वाहून जाते, याचा १९८३ सालचा अंदाज आजही मृद्संधारणाच्या पुस्तकांत सापडतो. ५३३ कोटी टन. हेक्टरी सरासरी सोळा टनांहून जास्त. एवढा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून तो मालगाडीत भरू. दगडी कोळसा वाहणारी एक लांबलचक मालगाडी साधारण ३५०० टन माल नेते. वर्षाला पंधरा लाख मालगाड्या! दिवसाला चार हजारांहून जास्त. मिनिटाला जवळजवळ तीन. हा परिच्छेद वाचायला तुम्हाला मिनिटभर लागला असेल, तर तेवढ्यात वर्षाच्या सरासरीनं मातीनं भरलेल्या तीन मालगाड्या गेल्या. या गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर मुंबई ते पुणे १९२ किलोमीटरचा अख्खा लोहमार्ग पावणेदोन तासांत भरून जाईल. पुढच्या पावणेदोन तासांत पुन्हा. दिवसरात्र, वर्षभर. आणि त्याच अंदाजाप्रमाणे यातला २९ टक्के गाळ थेट समुद्राला मिळतो. मिनिटाला जवळजवळ एक मालगाडी समुद्रात!

ही माती तयार व्हायला लागतं काय? शास्त्रज्ञ सांगतात, एक इंच सुपीक मातीला पाचशे ते हजार वर्षं. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. तेव्हापासून आजपर्यंत सह्याद्रीच्या खडकातून नवी इंचभर मातीसुद्धा पुरी तयार झालेली नाही. आणि जाते किती दिवसांत? हेक्टरी सोळा टन म्हणजे सव्वा मिलिमीटरचा थर. वीस वर्षांत इंच साफ. महाराजांच्या काळात सुरू झालेला इंच अजून अपुरा आहे आणि आपलं पोर जन्मून कमावतं होईपर्यंत शेतातला एक तयार इंच गेलेला असतो.

मग याला अडवायचं कशानं? एवढ्या प्रचंड आकड्यांपुढे उभं राहणारी वस्तू केवढी असावी? दोन फूट रुंद आणि एक फूट खोल.

डोंगरउतारावर समपातळी रेषेवर खणलेला सलग समतल चर, गावोगावच्या तोंडात बसलेला शब्द सीसीटी. साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल. उताराला आडवा. धावत येणारं पाणी त्यात थांबतं, माती तळाशी बसते, पाणी मुरमात जिरतं. असा एक मीटर चर भरला की १८० लिटर पाणी धरतो. माणसाची आंघोळ, धुणं आणि स्वयंपाक धरून सांगायचं तर मोजून तीन माणसांची दिवसाची गरज. किरकोळ वाटतं ना?

चला, मोठा करू. रस्त्यानं मुंबई ते पुणे अंतर दीडशे किलोमीटर. असा दीडशे किलोमीटरचा चर खणला तर? एकदा भरला की २ कोटी ७० लाख लिटर. पावसाळ्यात असे चर पुन्हा पुन्हा भरतात आणि जिरतात. दहा वेळा भरला असं धरू. २७ कोटी लिटर! आठवा, जलदूत गाडीनं १११ फेऱ्यांत आणलेलं पाणी होतं २५ कोटी ९५ लाख. फूटभर खोल असलेला एक चर एका पावसाळ्यात अख्ख्या जलदूतला मागे टाकतो. त्यातलं काही पाणी वाफ होऊन उडेल, काही झाडंझुडपं पितील, तरीही हातात उरतं ते डोळे विस्फारणारंच आहे.

आणि हा दीडशे किलोमीटरचा चर मुंबई-पुण्याच्या वाटेवर खणायची मुळीच गरज नाही. चरांच्या दोन ओळींत दहा मीटर अंतर ठेवलं तर एका हेक्टरात एक किलोमीटर चर बसतो. म्हणजे मुंबई-पुणे अंतराचा चर १५० हेक्टरांत मावतो. दीड चौरस किलोमीटर. तुमच्या गावाच्या मागे गुरं चरतात तो उजाड डोंगर कदाचित याहून मोठा असेल!

खणायचा कोणी? कसलेला माणूस कुदळ-फावड्यानं मुरमाड जमिनीत दिवसाला एक घनमीटर खोदतो असं धरा. दीडशे किलोमीटर चराचं खोदकाम २७ हजार घनमीटर. म्हणजे २७ हजार माणूस-दिवस. ६०० माणसं, ४५ दिवस. मे महिना संपायच्या आत अख्खा डोंगर तयार.

पैशांत बघायचंय? तीनशे रुपये रोज धरला तर मजुरी ८१ लाख. मुंबईच्या उपनगरात एवढ्या पैशांत जेमतेम एक छोटं घर येतं. आणि २७ कोटी लिटर म्हणजे २७ हजार टँकर. टँकर हजार रुपयांचा धरला तरी २ कोटी ७० लाख रुपयांचं पाणी. तेही एकदा नाही, चर नीट राखला तर दर पावसाळ्यात. दहा वर्षांत २७ कोटींचं.

आता हे दोन आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. २७ हजार माणूस-दिवस. २७ हजार टँकर. एका माणसाचा एक दिवस, एक घनमीटर खड्डा, दहा वेळा भरला की दहा हजार लिटर. एका दिवसाच्या घामाला एक टँकर! एक दिवस राबा आणि पुढे दर पावसाळ्यात तुमच्या नावाचा एक टँकर गावाच्या पोटात रिकामा होतो.

हे कागदावरचं गणित जमिनीवर उतरलेलं बघायचं असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला चला. क्षेत्रफळ सुमारे ९७६ हेक्टर. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवारांकडे सरपंचपद आलं, तेव्हा गाव दुष्काळानं आणि भांडणांनी पोखरलेलं होतं. पण ४०० मिलिमीटर म्हणजे किती ते मोजा. ९७६ हेक्टर गुणिले ४०० टँकर. ३ लाख ९० हजार टँकर! जलदूतच्या पन्नास वाघिणींच्या गाड्यांत भरलं तर १५६१ गाड्या. म्हणजे दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाच्या शिवारात वर्षभर रोज चार जलदूत येऊन उभ्या राहिल्या तरी त्यापेक्षा जास्त पाणी आभाळ देतं.

गावाची लोकसंख्या सव्वा हजार धरा. पिण्या-वापरायला माणशी रोज ५५ लिटर. वर्षाला लागतात अडीच कोटी लिटर. गावावर पडणाऱ्या पावसाचा हा शंभरावा भागसुद्धा नाही. अडीच मिलिमीटर पाऊस! ४०० मिलिमीटरमधला अडीच मिलिमीटर पोटात राखला की गावाचे हंडे वर्षभर भरलेले.

हिवरे बाजारनं चर खणले, बांध घातले, झाडं लावली. पण त्याहून मोठं काम केलं ते नियमांचं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. आणि दर वर्षी पावसाळा संपला की गावसभेत पाण्याचा ताळेबंद. किती पडलं, किती मुरलं, कोणतं पीक घ्यायचं, ते आकड्यांवर ठरतं. परिणाम दुधात मोजा. गावाचं दूध दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास होतं, ते सुमारे चार हजार लिटरवर गेलं. आपल्याच मापात सांगायचं तर वर्षाला साडेपाच टँकर दूध होतं, त्याचे १४६ टँकर झाले! लिटरला तीस रुपये धरले तरी वर्षाला ४ कोटी ३८ लाख रुपये. ४०० मिलिमीटर पावसाच्या गावात!

नियमांना एवढं महत्त्व का, तेही आकड्यातच बघा. उसाला पाटपाण्यानं दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी लागतं. हेक्टरी दोन हजार टँकर. आपण मघाशी मुंबई-पुणे अंतराचा चर खणून २७ हजार टँकर पाणी मिळवलं. ६०० माणसांनी ४५ दिवस घाम गाळून. ते सगळं पाणी किती ऊस पिईल? साडेतेरा हेक्टर. बस्स! म्हणून तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तेव्हा माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर एवढ्यालाच पाणी आणि उसाला नाही, असा दंडक घातला. भूमिहीनालाही पाण्यात वाटा दिला. पाणी अडवायला कुदळ लागते, पण टिकवायला वाटणी लागते.

त्याच १९७२ च्या दुष्काळातला एक आकडा महाराष्ट्रानं कधीच विसरू नये. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर दररोज सुमारे ५० लाख माणसं होती. पन्नास लाख! खडी फोडत, रस्ते बांधत, पाझर तलाव आणि नालाबांध घालत. समजा, ही सगळी माणसं एकच दिवस चर खणायला उभी केली असती. एका दिवसात २७ हजार किलोमीटरहून जास्त चर. मुंबई-पुणे अंतराच्या १८५ पट! त्या एका दिवसाच्या कामानं दर पावसाळ्यात ५ हजार कोटी लिटर पाणी अडलं असतं. पावणेदोन टीएमसी. खडकवासला धरणाचा साठा दोन टीएमसीपेक्षा किंचित कमी आहे. एवढ्या माणसांच्या हातांत एका दिवसात जवळजवळ एक खडकवासला उभं करायचं बळ होतं.

आणि आता सगळ्यात वरची पायरी. २०१६ साली पानी फाउंडेशननं गावागावांत पाणी अडवण्याच्या कामाची सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी फक्त तीन तालुके: वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई. ११६ गावं. पुढच्या वर्षी ३० तालुके. २०१८ मध्ये ७५. भर उन्हाळ्यातले दीड महिने, पहाटे उठून आख्खं गाव डोंगरावर. कुठे टिकाव-फावडं, कुठे पोकलेन. २०१६ ला कोरेगावातलं वेळू, २०१७ ला आर्वी तालुक्यातलं काकडदरा, २०१८ ला माणमधलं टाकेवाडी, २०१९ ला बार्शीतलं सुर्डी पहिलं आलं. पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे १३६८ कोटी लिटर पाणी धरण्याची जागा तयार झाली. आणि चार उन्हाळ्यांची बेरीज? फाउंडेशनच्या हिशेबानं ५५ हजार कोटी लिटर!

हा आकडा उचलून बघू. टीएमसीत साडेएकोणीस. दहा खडकवासला धरणं भरतील एवढी जागा, एकाही गावाला उठवल्याशिवाय. विहिरींत मोजा. वीस फूट व्यासाची आणि चाळीस फूट पाणी असलेली भरलेली विहीर सुमारे ३ लाख ५६ हजार लिटरची. अशा जवळजवळ साडेपंधरा लाख विहिरी! जलदूतमध्ये मोजा. पन्नास वाघिणींच्या २ लाख २० हजार गाड्या. रोज एक गाडी सोडली तर सहाशे तीन वर्षं लागतील. शेवटची गाडी आज सोडायची असेल, तर पहिली शिवरायांच्या जन्माच्या दोनशे वर्षं आधी निघायला हवी होती.

आणि टँकरमध्ये? साडेपाच कोटी टँकर. एक टँकर सात मीटर लांब धरा आणि एकाला एक चिकटून रांगेत उभे करा. मुंबई-पुणे अडीच हजार वेळा भरेल. पृथ्वीभोवती साडेनऊ वेढे बसतील. रांग ३ लाख ८५ हजार किलोमीटर लांब होईल. चंद्राचं आपल्यापासूनचं सरासरी अंतर आहे ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर. रांग चंद्राला टेकेल! गावातल्या माणसांनी, शाळेतल्या पोरांनी, सुट्टीत आलेल्या चाकरमान्यांनी चार उन्हाळ्यांत जी जागा खोदली, तिच्या पाण्याचे टँकर पृथ्वीपासून चंद्रापर्यंत उभे राहतील.

एवढं झालं तरी काम संपलेलं नाही. चर दोन-चार वर्षांत गाळानं भरतो, बांधाचा दगड ढासळतो, आणि जागा असून पाणी मावत नाही. गाळ काढायला नवं खोदण्यापेक्षा कमी कष्ट लागतात, पण तो काढायला माणूस लागतोच. म्हणून या उन्हाळ्यात मृग लागायच्या आत एक दिवस राखून ठेवा. गावी जा, डोंगरावरचे चर बघा, बुजलेले मोकळे करा, नसतील तर समपातळी आखून नवे खणा. पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला लावा. तुमच्या एका दिवसाचा हिशेब ठरलेला आहे: दहा हजार लिटर, दर पावसाळ्यात.